मदत हवी आहे: ऑनलाइन एम.ए.च्या बॅचमधली माणसं एकत्र कशी आणू?

यावलची_ताई

नमस्कार मंडळी. मी जि. प. शाळेत शिक्षिका, वय ४१. गेल्या वर्षी ऑनलाइन एम.ए. अर्थशास्त्राला प्रवेश घेतला. ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं होतं. ते दाखवलं तेव्हा कुठे घरचे तयार झाले.

अभ्यासाची तक्रार नाही, पण वर्गात माणूसच नाही हो. लेक्चरला सगळ्यांचे कॅमेरे बंद. माझाही, मागे कुकर असतो. ग्रुपवर दीडशे जण, बोलणं एवढंच: सकाळी फुलांचे फोटो आणि महिनाअखेरीस "असाइनमेंटची लास्ट डेट काय?"

परीक्षेला जळगावच्या केंद्रावर जिन्यात डबा उघडला, तर शेजारचे भाऊ म्हणाले, "ताई, तुम्ही पण आपल्याच बॅचच्या का?" भुसावळचे निघाले, लोको पायलट. तापी ओलांडली की त्यांचं घर, आणि वर्षभर आम्ही दोघं आपापल्या घरी एकाच पेपरशी झगडत होतो! तीन व्हिडिओ पाहून न कळलेलं संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन त्यांनी दहा मिनिटांत डोक्यात घातलं.

हुरूप आला. रविवारी रात्री ९ ला मीटिंग ठेवली. पहिल्यांदा ११ जण, मग ४, तिसऱ्यांदा मी आणि भुसावळचे भाऊ, तेही रनिंग रूममधून (गाडी चालवणाऱ्यांची रेल्वेची विश्रांतीची जागा). चोपड्याच्या ताई म्हणाल्या, "नऊला मी भांड्यांत असते." रावेरच्या केळीवाल्या भाऊंकडे रात्रीची लाईट, ते मोटारीवर. विद्यापीठाकडे जिल्हावार यादी मागितली, मिळाली नाही. (तेही बरोबरच, लोकांचे नंबर कसे देतील?)

आता काय करू?

पांझराकाठ

मी मुक्त विद्यापीठातून शिकलो. रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र असायचं, पण ओळखी झाल्या त्या बाहेर चहाच्या टपरीवर. तुम्ही टपरी सोडून आणखी एक तासच लावला की ताई.

अमळनेरचा_मास्तर

गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० साली मांडलं होतं की ऑनलाइन शिकताना शिकवणारा जाणवला पाहिजे, विचार झाला पाहिजे आणि सोबतची माणसंही जाणवली पाहिजेत. तुमचं घोडं तिसऱ्यावर अडलंय. दीडशेंचा नाद सोडा, पाच जण धरा. मीटिंग बंद. आठवड्यातून एकदा प्रत्येकाने न कळलेला एक मुद्दा व्हॉइस नोटवर विचारायचा. ज्याला येतो तो सवडीने सांगेल, भांडी घासून झाल्यावर किंवा मोटारीवर बसून. आणि यादी नको. लेक्चर संपताना सरांना विचारून आपणच सांगायचं, "खान्देशातलं कोणी असेल तर मला मेसेज करा."

काय_भो

एवढं कशाले? मळ्यात भरीत पार्टी ठेवा ना भो!

यावलची_ताई

मास्तर, कालच सुरू केलं. पहिली नोट रावेरची, मागे मोटारीची घरघर, प्रश्न मागणीच्या लवचिकतेचा. उत्तर चोपड्याच्या ताईंनी दिलं, ज्या वर्षभर ग्रुपवर एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

भरिताचंही ठरतंय. बामणोदची वांगी माझ्याकडे, भाजलेली वांगी ठेचायची लाकडी बडगी रावेरच्या भाऊंकडे. पण ओळख ना पाळख, कोणाच्या तरी मळ्यात जायला चोपड्याच्या ताईंना घरून सोडतील का? सगळ्यांना घरच्यांसकट बोलवावं म्हणते. कोणी असं केलंय का? अभ्यासाचं बोलणं होतं, की नुसतं भरीतच?