बंगल्याच्या कंपाउंडचे लाइट बदलायचेत, बसवायला सोपं काय घ्यावं? (नाशिक)

गोदाकाठची_लेक

नमस्कार मंडळी. मखमलाबाद रोडला आईबाबांचा जुना बंगला आहे. गेटच्या दोन खांबांवर दोन, कंपाउंडच्या भिंतीवर चार आणि पोर्चमध्ये एक, असे बाहेरचे लाइट आहेत. पावसाळ्यात झड लागली की रात्री आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडतो आणि सगळं घर अंधारात. बाबा सत्तरीच्या पुढचे, तरी टॉर्च घेऊन ओल्या पायऱ्यांवरून मीटरच्या पेटीपाशी जातात. मला त्याचीच काळजी वाटते. वायरमन येतात, एखादा लाइट तोडून ठेवतात, पुढच्या पावसात पुन्हा तेच.

यंदा सगळं नवीन करून घ्यायचं ठरवलंय. दिसायला साधे असले तरी चालतील. पण बसवायला सुटसुटीत हवेत, आणि उद्या एखादा गेला तर बाकीच्यांना हात न लावता तेवढाच बदलता आला पाहिजे. बारा व्होल्टचे घ्यावेत का, सोलर घ्यावेत का, नेहमीचेच घ्यावेत? लॉनमध्येही दोन-तीन छोटे लावायचा विचार आहे.

अंबडचा_वायरमन

ताई, कोणता लाइट हे नंतर बघू. आधी जोड कुठे आहे ते बघा.

खोक्यावर आयपी ६५ लिहिलेलं असतं. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा बसला तरी चालेल. पण तो आकडा फिटिंगच्या बॉडीचा. मागून वीतभर वायर लोंबत असते आणि तिची टोकं उघडी. ती टोकं घरच्या वायरीला पिळायची, टेप गुंडाळायची आणि भिंतीतल्या भोकात कोंबायची, अशीच बहुतेक कामं होतात. एप्रिल-मेच्या उन्हात टेपचा गोंद सुटतो आणि जूनमध्ये पाणी शिरतं. ते जोडापाशी थांबतही नाही. वातीत तेल चढावं तसं तारांच्या बारीक केसांमधून चढत फिटिंगच्या पोटात जातं. मग लोक लाइटला नावं ठेवतात.

म्हणून प्रत्येक लाइटच्या मागे किंवा खाली एक छोटा जंक्शन बॉक्स घ्या, आयपी ६५ किंवा त्याच्या वरचा, वायर आत येते तिथे ग्लँड (वायरीभोवती आवळून फट बंद करणारं बूच) असलेला. ग्लँड वायरीच्या जाडीचाच हवा. तीन कोअरच्या (आत तीन वायरी असलेल्या) गोल केबलवर तो घट्ट बसतो, दोन सुट्ट्या वायरी एकाच ग्लँडमधून घातल्या तर मधली फट उघडीच राहते. बॉक्सच्या आत टेप नको, खटका उचलून लावायचे लिव्हर कनेक्टर वापरा. वॅगोचे २२१ नंबरचे मी वापरतो. ११ मिलिमीटर वायर सोलायची, खटका उचलायचा, तांबं पार आतपर्यंत सारायचं, खटका दाबायचा, एकदा ओढून बघायचं. बॉडी पारदर्शक आहे, तांबं पोचलं की नाही ते डोळ्यांना दिसतं. एकेरी तार आणि बारीक केसांची वायर दोन्ही चालतात, ४ स्क्वेअर एमएमपर्यंत. लाइट बदलायचा झाला तर तीन खटके उचलले की मोकळा.

फिटिंग निवडताना मागची प्लेट वेगळी निघते का ते दुकानातच बघा. आधी नुसती प्लेट भिंतीला ठोकायची आणि लाइट नंतर तिच्यावर अडकवून एक-दोन स्क्रू आवळायचे. शिडीवर उभं राहून एका हातात दोन किलोचा लाइट आणि दुसऱ्या हाताने वायर जोडणं हे धोक्याचं काम आहे. वेगळी प्लेट नसेल तर जोडणी होईपर्यंत लाइट सुतळीने ब्रॅकेटला टांगून ठेवायला सांगा. धातूच्या बॉडीला हिरवी वायर लागलीच पाहिजे. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या फिटिंगला अर्थिंग लागत नाही, तरी वायर तीन कोअरचीच ओढा, पुढे उपयोगी पडते.

कॉलेजरोडकर

दादांशी सहमत. भर एवढीच, की खांबावरच्या लाइटना आट्यांचे तीन पिनचे वॉटरप्रूफ कनेक्टर लावा, आयपी ६७ किंवा ६८. लाइटकडचा जोड खाली टेबलावर बसून निवांत करता येतो, वर चढून फक्त घुसवायचं आणि रिंग आवळायची. मात्र सप्लायच्या बाजूला कायम भोकांचा भाग, लाइटच्या बाजूला पिनांचा. उलटं लावलं तर कनेक्टर सोडल्यावर उघड्या पिनांवर २३० व्होल्ट येतात. आणि कनेक्टर सोडण्याआधी एमसीबी (पेटीतला त्या लाइनचा स्विच) खाली, दर वेळी.

गिरणारे_द्राक्षबाग

सोलर एकदोन गेटजवळ ठीक आहेत, वायरच नको. पण आषाढ-श्रावणात आठवडा आठवडा ऊन पडत नाही, तेव्हा मध्यरात्रीपर्यंतसुद्धा तग धरत नाहीत. उजेडाची खरी गरज तेव्हाच असते.

लॉनमध्ये मात्र बारा व्होल्टच घ्या ताई. कुदळ लागली, कुत्र्याने उकरलं तरी जिवाला धोका नाही.

अंबडचा_वायरमन

लॉनसाठी कमी व्होल्टेज बरोबर आहे, भिंतीवरच्या लाइटना नको. अंतर वाढलं की उजेड कमी होतो. ५० वॅटचा लोड बारा व्होल्टवर ४ अँपिअरच्या वर ओढतो. १.५ स्क्वेअर एमएमची वायर २० मीटर लांब नेली तर जाऊन-येऊन ४० मीटर होते आणि वाटेतच सुमारे २ व्होल्ट खाल्ले जातात. बारातले दोन म्हणजे शेवटचा लाइट मिणमिणणार. तोच लोड २४ व्होल्टवर घेतला तर १ व्होल्टच पडतो. तेव्हा लॉनला २४ व्होल्टचे घ्या, आणि ड्रायव्हर (२३० चे २४ व्होल्ट करणारा डबा) पोर्चमध्ये कोरड्या जागी, हाताला येईल असा ठेवा.

गोदाकाठची_लेक

खूप आभार सगळ्यांचे. काल एमसीबी पाडून गेटच्या खांबावरचा एक लाइट उघडून बघितला. खांबाच्या माथ्यावरूनच वायर वर आलीय. टेप हाताला चिकट लागत होती, आत तांब्यावर हिरवी भुकटी, आणि काचेच्या तळाशी बोटभर गढूळ पाणी, त्यात मेलेल्या मुंग्या.

एक कोडं सुटत नाहीये. मागच्या पावसाळ्यात बाबा बाहेरच्या लाइटची बटणं दिवसभर बंद ठेवायचे, तरी आरसीसीबी पडायचा. असं का?

अंबडचा_वायरमन

कारण बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल तशीच जोडलेली राहते. ओल्या जोडातून न्यूट्रल भिंतीला किंवा अर्थिंगला टेकली, की घरात चालू असलेल्या फ्रिज-गिझरचा थोडा करंट त्या वाटेने जमिनीत जातो. गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही की आरसीसीबी पडतो, तो त्याचं काम चोख करतोय. कृपा करून कोणाच्या सांगण्यावरून तो काढू नका किंवा बायपास करू नका. तुमच्या बाबांचा जीव त्याच्यावर आहे.

उपाय असा: बाहेरच्या लाइनला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि ६ अँपिअरचा एमसीबी. तिची न्यूट्रल घरच्या न्यूट्रलमध्ये कुठेही मिसळायची नाही, पेटीत वेगळ्या लिंकवर (न्यूट्रल जोडायच्या पट्टीवर) घ्यायची. पुढे कधी बाहेर पाणी शिरलंच तर फक्त बाहेरचे लाइट जातील, घर चालू राहील. बाबांना रात्री उठावं लागणार नाही.

खांबाच्या माथ्यावरचं भोक बुजवा. वायर बाजूने काढा, भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि बॉक्समध्ये शिरण्याआधी वायरीला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जाईल. फिटिंगच्या कडेला सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी भरा, खालची कड मोकळी सोडा. चारही बाजू बंद केल्या तर आत जमलेला दमटपणा बाहेर पडत नाही. आंबूस वासाचं सिलिकॉन तांब्याला खातं, न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या.

कॉलेजरोडकर

गेटपर्यंतची केबल जमिनीतून जाणार असेल तर आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) घ्या, पाऊण मीटर खोल. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते, वरवर पुरलेला पाइप ओढला जाऊन सांध्यातून निघतो. आणि जमिनीत जोड नकोच, एकसंध केबल.

गोदाकाठची_लेक

मग ठरलं. भिंतीला आणि खांबांना वेगळ्या प्लेटचे नेहमीचे लाइट, लॉनला २४ व्होल्ट, बाहेरची लाइन वेगळी. परमिट असलेला वायरमनच बोलावते. मृग लागायच्या आत उरकायचंय. काम झाल्यावर नीट झालंय की नाही, हे मला कसं तपासता येईल?

अंबडचा_वायरमन

लाइट जोडण्याआधी नुसत्या वायरिंगला ५०० व्होल्टचा मेगर (वायरीच्या आवरणातून करंट गळतो का ते मोजणारं यंत्र) लावायला सांगा, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही. १ मेगाओहमच्या खाली रीडिंग आलं तर पुढे जाऊ देऊ नका. नवीन केबलला ते कितीतरी जास्त यायला हवं. लाइट जोडल्यावर मेगर नको, ड्रायव्हर उडतात. सगळं बसलं की एमसीबी बंद करून बागेच्या पाइपने प्रत्येक लाइटवर आणि बॉक्सवर पाच मिनिटं पाणी मारा. मग लांब उभं राहून लाइन चालू करा आणि रात्रभर लाइट चालू ठेवा. सकाळी आरसीसीबी वर असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो ना, ते बाबांच्या देखत बघून घ्या.