भा. रा. भागवतांना फास्टर फेणेने मोठं केलं की झाकून टाकलं?

पुस्तकवेडा:
भा. रा. भागवत (१९१०-२००१) म्हटलं की लोक त्यांच्या फास्टर फेणेसारखं 'ट्टॉक!' करतात आणि विषय संपतो. माझ्या मते फाफेने, म्हणजे फास्टर फेणे या बालनायकाने, त्यांची बाकीची कारकीर्द गिळली. 'बालमित्र' मासिक चालवलं, फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्न अनुवादून मराठी मुलांच्या हाती दिला, पुस्तकवेडा बिपिन बुकलवार लिहिला. व्हर्नचा 'चंद्रावर स्वारी' हा अनुवाद आज किती जणांच्या घरात आहे? माझ्या लेखी भारा आधी अनुवादक, मग फाफेकार.

हडपसरकर:
साफ चूक. व्हर्न आज इंग्रजीत कुठेही मिळतो. पण फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, हाडकुळा, सायकलवर वाकून सुसाट सुटणारा, तो कुठून आणणार? आणि तो पुण्यात बसून राहिला नाही, १९६२च्या चीन युद्धात थेट नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात पोचला. आमच्या शेजारच्या गावचा पोरगा नेफात! ते वाचून नकाशा काढून बसलो होतो आम्ही.

पुस्तकवेडा:
योगायोगांची गाडी भरून नेफात पोचला, हेही सांगा. पोरगा जाईल तिथे चोर, हेर नाहीतर तस्कर हजर. दहाव्या पुस्तकात पुढचं पान आधीच कळतं.

मालीची_मैत्रीण:
योगायोग चालतात हो, वय दहा असेल तर. माझी तक्रार निराळी. फेण्याच्या गोष्टींतली माली ही एक मुलगी सोडली तर धाडस सगळं पोरांचं. त्या काळी असंच होतं, हे उत्तर मला पुरत नाही. भारांची भाषा मात्र आजही पळते, उपदेशाचं एक वाक्य सापडत नाही. हे बालसाहित्यात केवढं दुर्मिळ आहे!

हडपसरकर:
मालीबद्दल मान्य. पण २०१७च्या सिनेमात फेण्याला मोठा करून वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या घोटाळ्यात टाकला, तरी लोकांनी त्याला ओळखलाच. पात्रात दम असल्याशिवाय हे होतं?

पुस्तकवेडा:
ओळखलं ते नाव. त्या सिनेमात प्रभावळकर खुद्द भागवत झाले होते, त्यांच्याबद्दल कोण बोललं? मी म्हणतोय ते हेच. दुकानात फाफेचा संच पुढ्यात लावलेला असतो, बुकलवार मागा, दुकानदार तोंडाकडे बघतो.

मालीची_मैत्रीण:
मग भांडण दुकानदाराशी आहे, फेण्याशी नाही. बुकलवार आहे माझ्याकडे, पण देणार नाही. परत येत नाहीत पुस्तकं.