मदत हवी आहे: इराकमधल्या शिया सशस्त्र गटांचा तक्ता जुळत नाही

घाईतला_घोडा
लेख रविवारी द्यायचा आहे आणि एका तक्त्यावर अडकलोय. यादवीत शिया मिलिशिया कशा वाढल्या ते एका पानात दाखवायचंय. नजफचे ज्येष्ठ शिया धर्मगुरू सिस्तानी यांचा २०१४चा फतवा → हशद अल-शाबी (मिलिशियांचं छत्र), असा सरळ बाण काढला. मग हशदमधलीच बद्र संघटना त्याच्या आधीची कशी? महदी सेना कुठे बसवू? लिंका नकोत, नेमकं सांगा.

जुना_वाटसरू
कुठली यादवी?

घाईतला_घोडा
इराकची. शीर्षकातच आहे.

जुना_वाटसरू
अहो, देश कळला, साल विचारतोय. २००६-०८ की २०१४-१७?

घाईतला_घोडा
दोन्ही. एकच ना ते?

कारकून_नं१
इथेच घोळ आहे. तक्ते दोन करा. पहिल्याची सुरुवात २२ फेब्रुवारी २००६, समरातल्या शियांच्या अस्करी दर्ग्याचा घुमट उडवला तो दिवस. त्यानंतर बगदादमध्ये मोहल्ल्यागणिक कत्तली झाल्या.

नकाशेवाला
असहमत. समरापासून धरलंत तर २००५ निसटतं. मे २००५ मध्ये गृहखातं बद्रशी जोडलेल्या बयान जबर यांच्याकडे गेलं, आणि बद्रची माणसं पोलिसी गणवेशात शिरली. नोव्हेंबरात बगदादमधल्या जादिरियाच्या तळघरात सुमारे १७० कैदी सापडले, बरेचसे सुन्नी, छळ झालेले. म्हणजे यंत्रणा तयार होती, समराने फक्त काडी टाकली. महदी सेनेची तऱ्हा वेगळी: शिया धर्मगुरू मुक्तदा सद्रने २००३ मध्ये उभी केली, बगदादच्या सद्र सिटीतली गरीब पोरं, पेट्रोल-गॅसच्या वाटपावर पकड. २००६ मध्ये आरोग्य आणि वाहतूक खातीही सद्रवाद्यांकडे होती, त्यामुळे इमारतींच्या पहारेकऱ्यांच्या नावाखाली पगार सरकारी तिजोरीतून.

कारकून_नं१
काडी म्हणा, पण आग त्यानंतरची. असो. पहिला तक्ता मार्च २००८ला बसऱ्यात संपवा, तेव्हाचे पंतप्रधान मलिकी यांनी महदी सेनेवर फौज घातली तिथे.

शब्दच्छल
अवांतर: मिलिशिया या शब्दातल्या 'शिया'चा शियांशी काही संबंध नाही. मूळ लॅटिन आहे. सुन्नी मिलिशियाही असते.

जुना_वाटसरू
हे कुणी विचारलं होतं?

नकाशेवाला
आता तुमचा बाण. तो उलटा आहे. १० जून २०१४ला मोसुल आयसिसच्या हाती पडलं. १३ जूनच्या शुक्रवारी कर्बल्यात सिस्तानींचे प्रतिनिधी शेख अब्दुल महदी अल-करबलाई यांनी फतवा वाचला. त्यात हशदचं नाव नाही. शस्त्र धरू शकणाऱ्यांनी *सुरक्षा दलांत* दाखल व्हावं, एवढंच. शिवाय तो वाजिब किफाई, म्हणजे पुरेसे लोक पुढे आले की बाकीच्यांची जबाबदारी संपते. पण सैन्य कोलमडलेलं. हजारोंना बंदूक आणि हुद्दा देऊ शकणारे तयार गट कोण? बद्र (१९८०च्या दशकात इराणात जन्मलेली), कैस खजालींची असाइब, मुहंदिस यांची कताइब हिजबुल्ला. यातल्या काहींची माणसं तोवर सीरियात सय्यदा जैनबच्या दर्ग्याभोवती लढून तयार झालेली. फतव्याने भरती दिली, ढाचा आधीच होता.

कारकून_नं१
फतव्याला इतकं कमी लेखू नका. दर्ग्यांच्या व्यवस्थापनाने उभ्या केलेल्या तुकड्या, उदा. अब्बास लढाऊ तुकडी, त्यातूनच निघाल्या. २०२० मध्ये त्या हशदच्या नेतृत्वापासून बाजूला झाल्या, ते उगीच नाही.

नकाशेवाला
मान्य. म्हणून संघटनेप्रमाणे नको, निष्ठेप्रमाणे रंग द्या: सिस्तानी, खामेनेई, सद्र. बद्र, असाइब, कताइब दुसऱ्यात. सद्रची सराया अल-सलाम, म्हणजे महदी सेनेचा नवा अवतार, तिसऱ्यात. नोव्हेंबर २०१६चा कायदा सगळ्यांना एका छत्राखाली, सरसेनापती म्हणजे पंतप्रधानांच्या हाताखाली आणतो आणि राजकारणाशी संबंध तोडायला सांगतो. आणि २०१८च्या निवडणुकीत यांच्याच फतह आघाडीला ४८ जागा!

प्रवासी_मुंबई
अरबईनला कर्बल्याला जायचं तर व्हिसा आधी काढावा लागतो का?

जुना_वाटसरू
वेगळा धागा काढा हो.

घाईतला_घोडा
पण सद्रही इराणवालाच ना? एकाच रंगात चालेल?

नकाशेवाला
नाही चालणार. बद्रच्या मातृपक्षाचं हकीम घराणं सद्दामच्या काळात इराणात होतं. सद्रचे वडील नजफमध्येच राहिले आणि १९९९ मध्ये तिथेच मारले गेले. त्याची 'आम्ही देश सोडला नाही' ही ऐट त्यावरच उभी आहे. २००७-०८ला तो स्वतः इराणातल्या कोमला जाऊन बसला, हे खरं, पण त्याने रंग बदलत नाही.

घाईतला_घोडा
ठीक, तीन रंग. आणि हिजबुल्ला कुठल्या चौकटीत टाकू?

जुना_वाटसरू
कुठली? लेबनॉनची की कताइब?