रोज गाजराचा ज्यूस दिल्याने चष्म्याचा नंबर उतरतो का?

ठाणेकरीण
मुलाला (वय ७) मागच्या महिन्यात चष्मा लागला, दोन्ही डोळ्यांना मायनस १.२५. तेव्हापासून सासूबाई रोज सकाळी ग्लासभर गाजराचा ज्यूस देतायत. त्या इतक्या मायेने करतात की नको म्हणवत नाही पण पोरगं आता गाजर दिसलं की पळतं. खरंच नंबर उतरतो का? शिवाय घरात ४ किलो लाल गाजरं येऊन पडलीयेत, हलवा सोडून काय काय करता?

नेत्रतपासनीस
नंबर नाही उतरत. मायनस नंबर असतो तेव्हा बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा जरा लांब वाढलेला असतो, प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते, खाण्याने ते बदलत नाही. मग गाजर डोळ्यांना चांगलं हे खोटं का, तर तसंही नाही. त्यातल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं आणि ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो, डोळे कोरडे पडतात. म्हणून तर बाळाला ९व्या महिन्यात १ लाख युनिटचा व्हिटॅमिन ए चा डोस पाजतात आणि पुढे ५ वर्षांचं होईपर्यंत दर ६ महिन्यांनी २ लाखांचा. चष्मा मात्र नियमित लावू दे, नंबर दर ६ महिन्यांनी तपासा, आणि रोज मैदानात खेळू दे.

माई कोल्हापूर
अगं ज्यूस बंदच कर, चोथा सगळा गाळून जातो आणि उरतं गोड पाणी. कोशिंबीर कर. गाजर किसून दाण्याचं कूट, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर आणि वरून हिंग-जिरं-मिरचीची फोडणी, ती वगळू नकोस हं, कारण ते कॅरोटीन तेलातुपाबरोबरच अंगी लागतं. कच्च्यापेक्षा शिजवलेल्यातून जास्त मिळतं म्हणून गाजर-मटारची भाजी पण उत्तम, पोळीच्या कणकेत कीस मळलास तर मुलाला कळणारही नाही. उरलेल्याचं लोणचं घाल. फोडी पुसून अगदी कोरड्या कर, मोहरीची डाळ, तिखट, मीठ, हळद, लिंबाचा रस, फोडणी पूर्ण गार करून ओत, फ्रीजमध्ये आठवडाभर छान राहतं. आणि पाला असेल तर आधी कापून टाक नाहीतर गाजरं दोन दिवसांत मऊ पडतात.

सानूची आई
आमच्याकडे वर्षाच्या लेकीला रोज दोन वेळा गाजराची प्युरी द्यायचे, तळहात आणि नाक पिवळं पडलं, मला वाटलं कावीळच झाली, रात्रभर झोप नाही. डॉक्टरांनी आधी डोळे बघितले, पांढरा भाग पांढराच होता. गाजर कमी केल्यावर काही आठवड्यांत रंग गेला. अपाय काही नाही पण रोज एकच भाजी नको, भोपळा, पालक, शेवग्याचा पालाही देत जा.

ठाणेकरीण
सगळ्यांना थँक्यू, सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी लगेच किसणी काढली. माई, लोणच्यात मेथी घालू का?

माई कोल्हापूर
घाल की, अर्धा चमचा तेलात तळून कुटून.