जाताना दहा तास, येताना नऊच का?

मुंबई ते लंडनचा हीथ्रो विमानतळ सरळ अंतर साधारण ७,२०० किमी, मग विमानाला जाताना दहा तास आणि येताना नऊच का लागतात, असा प्रश्न पडतो. कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहतो, हिवाळ्यात त्याचा जोर जास्त. लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. एकदा जानेवारीत आईला घेऊन परत येत होतो, तेव्हा समोरच्या पडद्यावर वेग ताशी १,०४० किमी दिसत होता. जाताना तोच जेमतेम ८००! आई जेवण बाजूला ठेवून त्या आकड्यांकडेच बघत बसली होती.

आणि तिकिटावरच्या वेळा नुसत्या वजा करून तास काढू नका. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार. शिवाय विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. तिथून पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये निदान तीन तास ठेवा, सोबत वयस्कर माणूस असेल तर नक्कीच.