ओव्हरड्राइव्ह म्हणजे नक्की काय? आणि ऑटोमॅटिकमध्ये गिअर 'टाकतात' की 'पडतो'?

प्रश्न:
मोठ्या भावाची जुनी ऑटोमॅटिक गाडी आता माझ्याकडे आलीये, ऐरोली ते ठाणे रोज चालवतोय. लिव्हरवर अंगठ्याशी एक छोटं बटण आहे, ते दाबलं की मीटरमध्ये 'ओ/डी ऑफ' असा दिवा लागतो. गॅरेजवाले काका म्हणाले कसारा घाटात ओडी बंद ठेवा. मला वाटायचं ओव्हरड्राइव्ह म्हणजे जादा ताकद, पेपरात पण येतं ना 'प्रचारयंत्रणा ओव्हरड्राइव्हमध्ये'. मग चढावरच ती बंद का करायची? आणि मराठीत काय म्हणायचं याला?

प्रतिसाद:
पेपरातला अर्थ बाजूला ठेवा, गाडीतला जवळपास उलटा आहे. 'ओव्हर' आहे ते ताकदीला नाही, फिरण्याला. गिअरबॉक्समधून बाहेर निघणारा शाफ्ट आत येणाऱ्या शाफ्टपेक्षा जास्त फिरतो, तो ओव्हरड्राइव्ह. जुन्या फोर स्पीड ऑटोमॅटिकमध्ये साधारणपणे तिसरा गिअर एकास एक असतो किंवा त्याच्या आसपास, म्हणजे आतला शाफ्ट एकदा फिरला की बाहेरचाही एकदा, आणि चौथा ०.७ च्या आसपास, तिथे बाहेरच्या एका फेऱ्याला आतला ०.७ च फिरतो, म्हणजे तिसऱ्यात इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर त्याच स्पीडला चौथ्यात २१०० च्या जवळ येतं. पाम बीच रोडवर रस्ता मोकळा मिळाला की इंजिनाचा आवाज एकदम खाली बसतो बघा, तेव्हा तो लागलेला असतो. आवाज कमी, पेट्रोल कमी, पण चाकाला मिळणारा जोरही कमी. म्हणून चढावर तो नको.

घाटात चालू ठेवला तर काय होतं, गाडी चौथ्यात जाते, दम पुरत नाही म्हणून तिसऱ्यात येते, जरा स्पीड आला की परत चौथा, परत तिसरा, असं चालूच राहतं, याला हंटिंग म्हणतात आणि त्यात गिअरबॉक्समधलं तेल तापतं, आतल्या क्लच प्लेटा घासतात. ओडी ऑफ केलं की चौथा बंद, गाडी तिसऱ्याच्या वर जातच नाही. उतारावर तर नक्की बंद करा, इंजिन ब्रेकिंग मिळतं, म्हणजे इंजिनच गाडीला रोखून धरतं, आणि नुसत्या ब्रेकवर सगळा भार येत नाही. दिव्याचं लक्षात ठेवा, पेटलाय म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद आहे, बरेच जण उलटं समजतात आणि हायवेवर तिसऱ्यातच गाडी रेटत राहतात.

प्रश्नकर्ता:
मग बटण सोडून बाकीचे गिअर कोण ठरवतं? आणि माझा मराठीचा प्रश्न राहिला.

प्रतिसाद:
अगदी जुन्या, कॉम्प्युटर नसलेल्या गिअरबॉक्समध्ये तेलाचं प्रेशर ठरवतं. गाडीचा वेग वाढेल तसं गव्हर्नरचं (वेगाप्रमाणे तेलाचं प्रेशर बदलणारा भाग) प्रेशर वाढतं, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबाल तसं थ्रॉटलचं, आणि दोन्ही एकाच शिफ्ट व्हॉल्व्हला, म्हणजे गिअर बदलणाऱ्या झडपेला, समोरासमोरून ढकलतात. गव्हर्नर जिंकला की वरचा गिअर. म्हणून हलक्या पायाने चालवलं की गिअर लवकर बदलतात आणि पाय दाबून ठेवला की उशिरा. घोडबंदरला ट्रेलरच्या पुढे काढताना पूर्ण दाबलं की गाडी खालच्या गिअरमध्ये येते, तो किकडाउन. नंतरच्या गाड्यांत हेच काम सेन्सर आणि कॉम्प्युटर करतो.

आता मराठी. मला 'अतिचालन' वगैरे अजिबात पटत नाही, त्यात परत तोच जादा जोराचा वास येतो. ओव्हरड्राइव्हच म्हणा, गॅरेजमध्ये 'ओडी'. पण क्रियापदं आपली फार नेमकी आहेत. मॅन्युअलमध्ये आपण गिअर टाकतो, ऑटोमॅटिकमध्ये गिअर पडतो किंवा लागतो. 'चौथा टाकला' म्हणजे माणसाने, 'चौथा पडला' म्हणजे गाडीने. काकांकडे तक्रार सांगताना 'चौथा पडत नाहीये' म्हणा, त्यांना लगेच कळेल. फक्त त्याआधी दिवा विझलाय का बघा, आणि इंजिन गरम झालंय का तेही, कारण काही गाड्यांत इंजिन गार असताना चौथा लागतच नाही, तो बिघाड नाही.