पाण्याचे रांजण आधी कुणी भरले?

खानापूरची लेक:
आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर परवा एक संदेश फिरला. येशूच्या हातून पाच भाकरींत पाच हजार जेवले, मग तुझ्या फ्रीजमध्ये औषधाची बाटली कशाला? विश्वास धर, बाटली फेक. खाली आमेनची रांग लागली. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

बाबांना चौदा वर्षं साखर आहे, इन्सुलिन चालू आहे. दोन वर्षांपूर्वी एका चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेत, बाहेरून आलेल्या उपदेशकाने डोक्यावर हात ठेवून सांगितलं, आजपासून तू मोकळा. बाबांनी घरी येऊन इंजेक्शनची पेनं तरुण भारतच्या कागदात गुंडाळली आणि फ्रीजच्या तळाशी कोथिंबिरीच्या पिशवीखाली सरकवली. कुणाला बोलले नाहीत. पायाला चप्पल लागून फोड आला होता, तोही लपवला. अकराव्या दिवशी संध्याकाळी मला ओळखेनात. रात्री साडेबाराला खानापूरहून बेळगावला नेलं. वाटभर 'पाणी, पाणी' एवढंच म्हणत होते. वाचले, पण उजव्या पायाची दोन बोटं गेली. भेटायला आलेल्या एका बाईंनी माझ्या आईला विचारलं, विश्वासात काही कमी पडलं का?

या प्रश्नाचं उत्तर बायबलात योहान 9 मध्ये आहे. जन्मांधाला बघून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि आईबापांनीही नाही.

आता चमत्कारच बघा. काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजण चाकरांनी आधी काठोकाठ भरले. एकेका रांजणाला किती खेपा झाल्या असतील? मेलेल्या लाजाराच्या कबरेवरची धोंड माणसांनी बाजूला केली, तो बाहेर आल्यावर त्याची बांधलेली वस्त्रंही माणसांनीच सोडली. पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उसवून खाली सोडलं. भाकरी शिष्यांनी वाढल्या आणि उरलेल्या बारा टोपल्याही त्यांनीच गोळा केल्या. आपल्या हाताने होण्यासारखं जे आहे ते प्रभू आपल्यालाच करायला लावतो. आमच्या घरी ते काम म्हणजे सकाळ-संध्याकाळचं इंजेक्शन.

कॅम्पातले काका:
बाळ, तुझ्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. त्या उपदेशकाचं चुकलंच. पण तू जे मांडलंस त्यात चमत्कार राहिला कुठे? रांजण चाकरांनी भरले, मान्य. पाण्याचा द्राक्षारस चाकरांनी केला का? सगळी गोष्ट 'कष्ट करा' यावर आणून ठेवली तर शाळेतला सुविचार आणि शुभवर्तमान यांत फरक काय उरला?

वैद्यांचंच काढलंस तर मार्क 5 उघड. बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली बाई. बऱ्याच वैद्यांच्या हातून हाल सोसले, जवळचं होतं ते सगळं घालवलं, गुण नाहीच, उलट दुखणं वाढलं. हे लिहिलेलं आहे, मी पदरचं सांगत नाही. माझ्या पत्नीच्या वेळी आम्ही दोन दवाखाने केले, शेताचा तुकडा विकला, शेवटी 'घरी न्या' म्हणाले. सात बायका रात्रभर आमच्या सोप्यात गुडघ्यावर होत्या. त्याला एकोणीस वर्षं झाली. आत्ता ती आत तांदूळ निवडत बसली आहे. याला तू काय म्हणशील?

शहापूरची परिचारिका:
काका, काकूंना आयुष्य लाभो. पण मी वॉर्डात बावीस वर्षं काढली. बऱ्या झालेल्यांची साक्ष मंडळीत उभं राहून होते. औषध सोडून गेलेल्यांची साक्ष कोण देणार? त्यांना आम्हीच चादरीत गुंडाळतो. प्रेषित पौलाने त्रफिम या सोबत्याला मिलेत गावात आजारीच ठेवून पुढचा प्रवास केला. तीमथ्य या शिष्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं. पौलाचा विश्वास कमी होता का? आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक कोण होता? पौलच त्याला प्रिय वैद्य म्हणतो.

निपाणीकर:
तुम्ही चमत्काराचा अर्थ काढत बसलाय, पण प्रवचन समजतंय कुणाला ते बोला की. आम्ही मुलाच्या नोकरीपायी बेळगावात आलो. घराजवळच्या मंडळीत उपासना कन्नडमध्ये. माझी आई शहात्तर वर्षांची, मांडीवर मराठी बायबल घेऊन बसते. पाळक अध्याय सांगतात आणि ती मला कोपराने ढोसून विचारते, 'ऐदु म्हणजे पाच का सहा?' तोवर वाचन संपतं. महिन्यातून एक रविवार मराठीला द्या म्हणून तीनदा अर्ज केला. उत्तर नाही. 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हापासून हेच चाललंय, आता देवळातपण!

चिकोडीचा:
आलं का 1956! दुसरी बाजू पण ऐका. माझी आई मराठी, वडील कन्नड. निपाणीकडच्या एका मंडळीत वडिलांनी तीस वर्षं मराठी प्रवचन ऐकलं. अर्धं कळायचं, अर्धं नाही. त्यांच्यासाठी कुणी अर्ज केला नाही. 1820 मध्ये लंडन मिशनचा जोसेफ टेलर बेळगावात आला तेव्हा इथे कन्नड होतं, मराठी होतं, छावणीत तमिळ होतं. एकाच भाषेचं बेळगाव कधी नव्हतंच. सीमेचं भांडण वेदीजवळ आणू नका.

निपाणीकर:
भांडण मी आणलं? म्हातारी बाई प्रार्थनेला बसते आणि तिला एक अक्षर कळत नाही, हे भांडण आहे? तुम्हाला दोन्ही भाषा येतात, म्हणून तुम्हाला सोपं. आमच्यावर उपकार केल्यासारखं बोलू नका.

चिकोडीचा:
उपकाराची भाषा मी वापरलेली नाही. माझ्या वडिलांना 'हा कानडी' म्हणून बाकाच्या टोकाला बसवायचे, ते मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या आईला कळत नाही याचं मला दुःख आहे. माझ्या वडिलांचं तुम्हाला आहे का, तेवढं सांगा.

वडगावची:
तुमी दोघं काय बोलूलालाय? त्या पोरीनं बापाच्या पायाचं लिवलंय आणि तुमी अर्जाचं धरून बसलाय! आणि पंडिता रमाबाईंचं तरी आटवा की. कर्नाटकातल्या गंगामूळला जन्मलेली बाई, तिनं आक्कं बायबल सोप्या मराठीत केलं. 1922 ला गेली, 1924 ला ते छापून बाहेर पडलं. कशासाठी केलं? खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणून. अर्ज बरोबरच हाय. पण ओरडून काय मिळतंय?

कॅम्पातले काका:
भाषेचा विषय मूळ धाग्याचा नाही. कृपया परत या.

खानापूरची लेक:
काका, मला तो बाहेरचा वाटत नाही. मार्क ग्रीकमध्ये लिहितो, पण याइराच्या मुलीला उठवताना येशूच्या तोंडचे शब्द तसेच ठेवतो, 'तलीथा कूम', म्हणजे 'मुली, ऊठ'. बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला बरं करताना 'इफ्फाथा', म्हणजे 'मोकळा हो'. दोन्ही अरामी, घरातली बोली. अर्थ पुढे ग्रीकमध्ये देतो, पण मूळ शब्द गाळत नाही. आजारी माणसाच्या कानावर जे पडलं ते त्याच्या स्वतःच्या भाषेत पडलं. निपाणीकर दादांच्या आईला आणि चिकोडीच्या दादांच्या वडिलांना हेच मिळालं नाही. म्हणून तुम्ही दोघे एकाच बाजूचे आहात असं मला वाटतं.

बाबांचंही तसंच झालं. त्या सभेत उपदेशक हिंदीत बोलत होता, शेजारचा माणूस कन्नडमध्ये सांगत होता, आणि बाबा दोन्हींतून जेवढं कळलं तेवढं घेऊन घरी आले. 'मोकळा' हा शब्द तेवढा पक्का कळला. औषधाबद्दल पुढे काही सांगितलं होतं का, ते आजही त्यांना सांगता येत नाही.

शहापूरची परिचारिका:
हे फार मोठं आहे. डिस्चार्जचा कागद देताना आम्हीपण हीच चूक करतो. पेशंट मान डोलावतो, आम्ही सही घेतो. मी इथे उपदेशकांना बोलले, पण माझ्याही हातून हे झालंय.

निपाणीकर:
चिकोडीचे दादा, तुमच्या वडिलांना बाकाच्या टोकाला बसवलं ते वाईटच. ते मला माहीत नव्हतं. माझा अर्ज मात्र मी मागे घेणार नाही.

चिकोडीचा:
घेऊ नका. अर्जात कन्नड वाचनानंतर तोच उतारा मराठीत वाचा असं लिहा, आणि जिथे मराठी उपासना आहे तिथे उलटं. तसं लिहिलंत तर माझीही सही घ्या. नुसतं 'मराठीला रविवार द्या' असेल तर नको.

कॅम्पातले काका:
लेकी, 'तलीथा कूम'चा उतारा काल रात्री पुन्हा काढून वाचला. मुलगी उठून चालायला लागली आणि येशूने सांगितलं, हिला काहीतरी खायला द्या. आयुष्यभर हा अध्याय ऐकला, पण या वाक्यावर मी कधी थांबलो नव्हतो. आजारातून उठलेल्या पोरीला भूक लागते हे त्याला आठवलं. ते देणं घरच्यांचं काम होतं. एवढं तुझं मी मान्य करतो.

पत्नीच्या बाबतीत मात्र माझं मत तेच आहे. तो चमत्कार होता. आणि हेही लिहितो, कारण आत्ताच तिने बजावलं: तिच्या गोळ्या आम्ही एकही दिवस बंद केल्या नव्हत्या. साक्ष देताना हे मी सांगत नसे. का, ते माझं मलाच माहीत नाही.

खानापूरची लेक:
काका, तो चमत्कार नव्हता असं मी म्हणणार नाही. माझ्या घरी झाला असता तर मीही रोज सांगितला असता. फक्त पुढच्या साक्षीत गोळ्यांचंही सांगा. समोर आमच्या बाबांसारखं कुणीतरी बसलेलं असतं.

वडगावची:
बाबांची जखम भरली काय गं?

खानापूरची लेक:
भरली, मावशी. पुढून कापडाची, मऊ चप्पल शिवून घेतली आहे. पेनं आता फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या वरच्या कप्प्यात असतात. उघडलं की सगळ्यांना दिसतात. सकाळी प्रार्थना झाली की बाबा स्वतःच शर्ट वर करतात आणि मला म्हणतात, 'रांजण भर.'